आत्मचिंतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. अकरा वर्षांपूर्वी रोज रात्री वहीत चार ओळी लिहायला लागले आणि हळूहळू माझं शिकवणं, घरातलं बोलणं, रागावणं बदलत गेलं. ते पाहून आधी शाळेतल्या सहकारी विचारायला लागल्या, मग गल्लीतल्या मैत्रिणी, मग त्यांचे नवरे आणि कॉलेजात जाणारी मुलं. आता शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाच-सात जण तरी जमतात. तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे लिहिले आहेत.

डोक्यात विचार तर दिवसभर चालूच असतात. मग वेगळं चिंतन कशाला?

दिवसभर जे चालतात ते पुढच्या कामाचे विचार. लाइट कधी येणार, मोटर कधी चालू करायची, सिलिंडर किती दिवस पुरेल, पोराची फी कधी भरायची. चिंतन म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीकडे मुद्दाम मागे वळून पाहायचं आणि त्यातून उद्यासाठी काहीतरी हाती घेऊन उठायचं.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कपाशीचा हंगाम उरकला की पाराव‍र बसून हिशोब निघतोच: वाण कोणतं होतं, लागवड कधी केली, फवारण्या किती झाल्या, बोंडअळी केव्हा दिसली, भाव काय मिळाला, पुढच्या खेपेला काय बदलायचं. पिकाचा हिशोब आपण इतक्या बारकाईने ठेवतो आणि स्वतःच्या वागण्याचा कधीच मांडत नाही. तो मांडायचा, एवढंच.

चिंतन आणि चिंता यांतला फरक कसा ओळखायचा? मी विचार करायला बसले की रडूच येतं.

माझ्या मते या सगळ्या यादीत हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण इथे गल्लत झाली तर चिंतनाने माणूस सुधारण्याऐवजी खचतो.

तेच ते उगाळत बसण्याला मानसशास्त्रात वेगळं नाव आहे आणि त्यावर भरपूर काम झालं आहे. अमेरिकेतल्या सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. मन उदास असताना जी माणसं आपल्या उदासीचाच विचार घोळवत राहतात, त्यांची उदासी जास्त काळ टिकते, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे खूप विचार केला म्हणून काही उलगडेलच असं नाही.

ओळखायची खूण मला शब्दांत सापडली. उगाळताना आपण "नेहमी", "कधीच नाही", "माझंच नशीब", "सगळे असेच" असे शब्द वापरतो. चिंतन करताना वेळ असते, जागा असते, माणूस असतो, बोललेलं वाक्य असतं. "माझं कुणी ऐकतच नाही" हे उगाळणं झालं. "आज दुपारी जेवताना मी दवाखान्याचं बोलले तेव्हा हे मोबाइल बघत होते, आणि मी वाक्य अर्धंच सोडलं" हे चिंतन.

दुसरी खूण अशी की चिंतनाला शेवट असतो. दहा मिनिटं झाली आणि नवीन काहीच हाती लागलं नाही, तेच वाक्य चौथ्यांदा फिरतंय, असं दिसलं तर वही मिटायची. उठायचं, भांडी घासायची, अंगणात चकरा मारायच्या, कुणाशी तरी बोलायचं. त्या दिवशी चिंतन झालं नाही तरी चालतं.

"असं का झालं?" हा प्रश्न विचारू नका असं तुम्ही का सांगता?

कायमचा सोडा असं मी म्हणत नाही, पण सुरुवात त्याने करू नका. आमच्या अहिराणी बोलीत "काबरं?" (का बरं?) आणि "काय व्हयनं?" (काय झालं?) असे दोन वेगळे प्रश्न आहेत. "काबरं" विचारलं की मन लगेच वकील होतं. एक तर दुसऱ्यावर खटला भरतं, नाहीतर स्वतःवर. "काय व्हयनं?" विचारलं की ते साक्षीदार होतं आणि पाहिलेलं सांगायला लागतं. कारण शोधायचं ते साक्ष पूर्ण झाल्यावर.

नेमकं लिहायचं काय?

माझी पद्धत मला एका चुकीतून मिळाली, म्हणून तीच सांगते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती. सहावीतल्या एका मुलाने निबंध दाखवला. अक्षर असं की वाचवेना. मी सगळ्या वर्गासमोर ते पान फाडलं आणि म्हणाले, "पुन्हा लिहून आण." रात्री वहीत लिहिलं, "मुलं सुट्टीत आळशी होऊन येतात. शिस्त लावायला हवी." आणि खाली रेघ ओढली. पण झोप येईना. त्याच्या चेहऱ्यावर आळस नव्हता, दुसरंच काहीतरी होतं आणि ते मला सापडत नव्हतं.

उठले, दिवा लावला आणि ठरवलं, आता मत लिहायचं नाही, फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. तेव्हा असं लिहिलं गेलं: "त्याने वही डाव्या हाताने पुढे केली. उजवी मूठ मिटलेली होती. फाटलेलं पान घेताना मूठ उघडली. बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला बारीक ओरखडे. दोन ठिकाणी रक्त सुकून काळं पडलेलं."

कापूस वेचणाऱ्याची बोटं कशी होतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. उमललेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी टोचतात. तो मुलगा सुट्टीभर वेचणीला गेला होता. त्याला पेनच धरता येत नव्हतं. आणि हे सगळं मी दुपारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण माझं मत आधीच तयार असल्यामुळे ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातच त्याची माफी मागितली, कारण अपमान वर्गासमोर केला होता. निबंध तोंडी सांग म्हटलं. तो वेचणीवर बोलायला लागला आणि थांबेचना. पहाटेच्या दवात कापूस ओला लागतो, मग वजनावरून कशी बोलणी होतात, हे सगळं त्याने सांगितलं. त्या वर्षी वर्गात तितका चांगला निबंध दुसरा झाला नाही.

तेव्हापासून मी चार गोष्टी लिहिते. काय घडलं, त्यात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं. त्या वेळी मला काय वाटलं. माझ्याकडून काय राहून गेलं किंवा काय चांगलं झालं. आणि उद्या मी काय करणार. पहिल्या भागाला सगळ्यांत जास्त जागा द्या, घाई तिथेच होते.

ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली शिक्षणाच्या क्षेत्रासाठी अशीच सहा पायऱ्यांची रीत मांडली: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. नर्सिंगच्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती फार वापरली जाते. माझ्या चार ओळी म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती. दमलेल्या माणसाला रात्री सहा पायऱ्या चढवत नाहीत.

दिवसभरात शंभर गोष्टी घडतात. कोणती निवडायची?

जी खटकली ती. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९१० सालीच मांडलं होतं की खरं चिंतन एखाद्या अडचणीतून, मनाच्या अडखळण्यातून सुरू होतं. जिथे ठेच लागली तिथेच थांबून पाहा. एका रात्री एकच प्रसंग.

कधी बसायचं आणि किती वेळ?

दहा मिनिटं पुरतात. जेवणं उरकली, ओटा आवरला की. उन्हाळ्यात आपल्याकडे घरात बसवत नाही, तेव्हा गच्चीवर अंथरूण टाकलं की तिथेच. मात्र झोप उडालेल्या मध्यरात्री बसू नका, त्या वेळी मन सगळंच काळं दाखवतं. पहाटे पाचला केळीच्या कापणीवर जाणाऱ्या एका भाऊंनी वेळ बदलून घेतली. ते ट्रॅक्टरवर येता-जाता मनातल्या मनात करतात आणि रविवारी आठवड्याचं एकदम लिहितात. तेही चालतं. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, तेव्हा दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. मधले सहा दिवस ऐकणाऱ्यांना ते पचवायला मिळत असतील, असं मला नेहमी वाटतं.

वर्षाचा हिशोब मी एक जानेवारीला करत नाही. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, शेत मोकळं असतं. मागची वही उघडून वाचायला याहून बरा मुहूर्त मला माहीत नाही.

मला लिहिता येत नाही. माझ्या आईला तर सहीसुद्धा येत नाही. मग?

जळगावच्या विद्यापीठाला आज ज्यांचं नाव आहे, त्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या मनाबद्दल, संसाराबद्दल, बी-बियाण्याबद्दल जे बोलल्या ते मुलाने आणि घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. चिंतनाला अक्षरओळख लागत नाही.

लिहिण्याचा फायदा एवढाच की लिहिताना वेग कमी होतो आणि वाक्य पळून जात नाही. तो फायदा बोलूनही मिळतो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, किंवा एका विश्वासाच्या माणसाला सांगा. माझ्या ओळखीच्या दोन मावशी आहेत. सोबत निंदणीला जातात आणि परत येताना एकीने सांगायचं, दुसरीने फक्त "मग काय व्हयनं?" एवढंच विचारायचं, असा त्यांचा नेम आहे. सल्ला द्यायचा नाही. मला ही रीत वहीइतकीच पक्की वाटते.

घरात आठ माणसं. एकांत मिळत नाही, आणि वही कुणी वाचली तर भांडण होईल.

ही भीती खोटी नाही. विशेषतः सुनांनी ती मला डोळ्यांत पाणी आणून सांगितली आहे. सुट्या कागदावर लिहा आणि लिहून झाल्यावर फाडून चुलीत टाका. फायदा लिहिताना होऊन गेलेला असतो, कागद जपलाच पाहिजे असं नाही. मोबाइलला लॉक असेल तर त्यात लिहा. नावं लिहू नका, खुणा ठेवा.

आणि घरात एखादं समजून घेणारं माणूस असेल तर त्याला सांगून टाका. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका नावाचा विचारवंत रोज रात्री आपला दिवस तपासायचा. त्याने लिहून ठेवलं आहे की दिवा नेला की, त्याची ही सवय ठाऊक असलेली बायको गप्प बसायची. तेवढी दहा मिनिटं कुणी तरी गप्प बसणं, हीसुद्धा मोठी सोबत असते.

भांडणाबद्दल लिहायला बसलो की राग पुन्हा चढतो. काय करावं?

स्वतःबद्दल "मी" न म्हणता नाव घेऊन लिहा. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःशी बोलताना "मी"ऐवजी स्वतःचं नाव वापरणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगात भावना आवरणं सोपं गेलं. आपल्या संतांना हे आधीच कळलं होतं असं वाटतं. ते मनाला "मना" म्हणून समोर बसवतात आणि मग त्याच्याशी बोलतात. (अहिराणीत "मना" म्हणजे "माझा". तोच शब्द प्रमाण मराठीत मनाला हाक मारायला आणि आमच्या बोलीत आपलं म्हणायला, हे मला फार आवडतं.)

आमच्या ओट्यावर येणाऱ्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने हे करून पाहिलं. विहीर दोघा भावांत सामाईक, पाण्याच्या पाळीवरून वाद. चार शनिवार तो भावाचंच गाऱ्हाणं सांगत होता. पाचव्या वेळी त्याला म्हटलं, "आबा, तुम्ही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगताय असं सांगा." तो सांगू लागला: "आबा सकाळी सहाला विहिरीवर गेला. ठिबकचा वॉल बंद होता. आबाने कुणाला विचारलं नाही. सरळ भावाच्या अंगणात जाऊन आवाज चढवला. अंगणात पुतणी वेणी घालत बसली होती. ती आत पळाली." इथे तो थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. पाण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही, तो तलाठ्यापर्यंत गेलाच. पण पुढच्या वादाला तो बांधावर बोलला, अंगणात गेला नाही.

फक्त चुकाच लिहायच्या का?

अजिबात नाही. जे जमलं ते कसं जमलं, हेही तितक्याच बारकाईने लिहा. "आज तास छान झाला" एवढ्याने काही कळत नाही. "आज अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे केले आणि मागच्या बाकावरची मुलगी पहिल्यांदा बोलली" हे लिहिलं तर पुन्हा करता येतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आपल्या वाट्याचं आणि आपल्या वाट्याचं नसलेलं वेगळं करा. पाऊस आला नाही, भाव पडला, यात तुमचं वागणं शोधू नका. घरात मारहाण होत असेल, कुणी छळत असेल, तर "माझं काय चुकलं" हा चिंतनाचा विषयच नाही. तिथे मदत मागायची असते. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे आणि तातडीच्या वेळी ११२. बायकांना स्वतःलाच दोष द्यायची सवय इतकी लहानपणी लागते की आत्मपरीक्षणाच्या नावाखाली तीच घट्ट होऊ नये, याची मला फार काळजी वाटते.

चूक सापडली. आता पुढे काय?

उद्या करायची एक गोष्ट लिहा, आणि ती इतकी लहान असू द्या की झाली की नाही हे सांगता येईल. "यापुढे चिडणार नाही" हे लिहून उपयोग नाही. "उद्या सासूबाई तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा आधी हातातलं काम खाली ठेवेन, मग उत्तर देईन" हे करता येतं.

कुणाला दुखावलं असेल तर त्या माणसाकडे जावंच लागतं. आपल्या भागात जैन कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यातलं प्रतिक्रमण पाहा. दिवसाचं, रात्रीचं, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं अशा पायऱ्यांनी आपल्या चुकांकडे परत येण्याची ती रीत आहे. संवत्सरीला, म्हणजे वर्षाच्या प्रतिक्रमणाच्या दिवशी, माणसं एकमेकांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून क्षमा मागतात. आत पाहिलेलं बाहेर बोलून दाखवण्याची सोयच त्यांनी करून ठेवली आहे. बाकीच्यांना ती आपली आपण करावी लागते.

हे धार्मिक आहे का?

तुम्ही कराल तसं. देवापुढे बसून करा किंवा चहा घेत करा.

बसले, पण काहीच सुचलं नाही. पान कोरंच राहिलं.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा, "चिरंजीव" की "तीर्थरूप", हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोरंच पत्र पाठवलं, आणि लहानग्या मुक्ताईने म्हटलं की चौदाशे वर्षं जगूनही हे कोरेच राहिले. मला या गोष्टीत चांगदेवांचं कौतुक वाटतं. सुचलं नाही तरी त्यांनी कागद पाठवला. आणि तो पाठवला म्हणूनच उत्तर आलं. तुम्हीही तारीख टाका, आज डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट लिहा आणि झोपा.

किती दिवसांत फरक पडतो?

दिवस सांगता येत नाहीत, पण खूण सांगता येते. आधी चूक रात्री वहीपाशी कळते. काही महिन्यांनी ती तासाभरात कळायला लागते. मग कधीतरी वाक्य तोंडातून निघत असतानाच कळते आणि अर्धं वाक्य गिळता येतं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: काम झाल्यावरचं चिंतन आणि काम करता करताचं चिंतन. कसलेला गवंडी ओळंबा लावता लावता हात बदलतो, तसं. पहिल्यातून दुसरं यायला मला दोन वर्षं लागली, आणि अजूनही रोज जमत नाही.

मुलांना ही सवय लावावी का?

लावावी, पण उलटतपासणी नको. "आज काय चुकलं?" विचारलं की मूल लपवायला शिकतं. रात्री जेवताना आधी आपण आपलं सांगायचं, "आज मी एका मुलाला उगाच ओरडले." मुलं आपणहून सांगायला लागतात. आमच्या घरी याला आठ दिवस लागले.

जुनं दुःख वर येतं. त्यावर लिहावं का?

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बीअल यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक अनुभवावर लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून लिहून थोडं रडू आलं तर घाबरू नका. पण झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

मध्ये महिनाभर सुटलं. आता?

आज रात्री आजचं लिहा. मागचं भरून काढू नका.

वही कोणती घ्यावी?

शंभर पानी, आखीव, गावातल्या दुकानात मिळते ती. तारखा छापलेली डायरी घेऊ नका. सुटलेल्या दिवसांची कोरी पानं मग रोज बोचतात. माझ्या सध्याच्या वहीच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशोब आहे. त्यामुळे ती रोज उघडलीच जाते.